न बघता दिलेला पास

ऋग्वेदाने मान न वळवता चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला आणि तो अरोहाच्या हातात नेमका जाऊन बसला. अरोहाने उडी घेतली, चेंडू जाळीतून खाली आला. पापाकुराहून आलेली तिच्या शाळेची पोरं बाकांवर उभी राहून ओरडायला लागली. वरच्या रांगेत एकटीच बसलेल्या निवेदिताने वहीत लिहिलं, 'न बघता पास. सातवा. सातही अचूक.'

निवेदिता ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. एकेकाळी पुण्यात विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळली होती. त्या दिवसांतल्या एका ओळखीतून ती आता अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचसाठी न्यूझीलंडमधल्या मुली हेरायची. दर वर्षी रजा टाकून शाळांच्या स्पर्धेला पामर्स्टन नॉर्थला यायचं, चार दिवस या कडक बाकांवर बसायचं आणि एखादी मुलगी मनात भरली तर तिच्यावर दोन पानी अहवाल पाठवायचा. नऊ वर्षांत तिने तीनच मुलींची शिफारस केली होती. तिघींनाही कॉलेजने घेतलं होतं.

ऋग्वेदा पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे आणणारी, कुणी कुठे धावायचं ते ठरवणारी. उंची बेताचीच. पण चेंडू हातात आला की तिच्यातली सगळी घाई गळून पडायची. सतरा वर्षांच्या मुलीत हे फार क्वचित दिसतं. शिवाय तिची मान सारखी फिरत असायची. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पाखरं राखायला मचाणावर बसलेल्या माणसासारखी. 'सगळं मैदान बघते,' निवेदिताने लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

सामना पापाकुराने जिंकला. निवेदिता खाली उतरली तेव्हा ऋग्वेदाची आई आपण होऊन पुढे आली.

"मी अनुराधा. कोच म्हणाले, तुम्ही हिच्यासाठी आलायत. मराठी आहात हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं."

"त्यांना काय कळणार!" निवेदिता हसली. तिने ऋग्वेदापुढे हात केला. "वेल प्लेड. फार सुंदर खेळलीस."

"थँक यू, आंटी," ऋग्वेदा म्हणाली. ती निवेदिताच्या चेहऱ्याकडे बघून छान हसली. निवेदिताचा हात मात्र तसाच हवेत राहिला. एक क्षण, दोन क्षण. मग अनुराधाने तो पटकन आपल्या हातात घेतला आणि दाबला. "चला, हिला काहीतरी खायला घालते," असं म्हणून ती मुलीला घेऊन गेली. दाराशी एक लहान मुलगा बाजूने धावत आला. ऋग्वेदा त्याला जाऊन धडकली, तो पडला, आणि ती चारचारदा सॉरी म्हणत राहिली.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत निवेदिताने सामन्याचा व्हिडिओ लावला. हॉस्पिटलात पक्षाघाताच्या पेशंटपुढे ती रोज असाच हात धरायची. तो कुणाला दिसत नाही आणि का दिसत नाही, हे तिला पाठ होतं. आता तिने फक्त ऋग्वेदाची मान बघितली. मान वळेपर्यंत बाजूचं काहीच त्या मुलीपर्यंत पोचत नव्हतं. एकदा शेजारून आलेला चेंडू सरळ तिच्या खांद्यावर आदळला होता. आणि ते सात पास? प्रत्येक वेळी तिथली मुलगी सरावात ठरलेल्या जागीच उभी होती. ऋग्वेदा न बघता पास देत होती, कारण तिथे तिला दिसतच नव्हतं. तिने जागा पाठ केल्या होत्या.

निवेदिताने वही उघडली, दोन रेघा ओढलेलं ते वाक्य वाचलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेडियमच्या कँटीनमध्ये अनुराधा एकटीच चहा घेत बसली होती. निवेदिता समोर बसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. अनुराधा फार्मसिस्ट होती, नवरा सुशांत आयटीत. त्याला रजा मिळाली नव्हती. मग निवेदिताने विचारलं, "तुमच्या सासरी-माहेरी कुणाला डोळ्यांचा त्रास आहे का?"

अनुराधाने कप खाली ठेवला. ती त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"माझा मोठा भाऊ. बाळ. कोल्हापूरला असतो. नववीत होता तेव्हा दिवस मावळला की त्याला सायकल चालवता येईना. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग रात्रीचं, मग... पंचविशीत मी त्याला हात धरून बँकेत न्यायचे." तिने वर पाहिलं. "कालच तुमच्या लक्षात आलं ना?"

"ऋग्वेदाला ठाऊक आहे?"

"नाही. धडपडली की म्हणते, आय ॲम सो क्लम्झी. लर्नर्स लायसन्स काढून दीड वर्ष झालं. तिच्या मैत्रिणी सर्रास गाडी चालवतात, ही नावच काढत नाही. मीही विचारत नाही. तिला वाटतं, मी विसरले." अनुराधाचा आवाज अगदी सपाट होता. "मी रोज लोकांना औषधं देते. मला कळत नाही असं नाही हो. सुशांतलासुद्धा बोलले नाहीये. एवढी स्पर्धा होऊ दे म्हटलं. ती झाली की नेते डॉक्टरकडे."

"मला कॉलेजला लिहावं लागेल. लपवता नाही येणार."

"लपवू नकाच. फक्त आज तिला काही बोलू नका. आज तिला खेळू दे."

दुपारी उपांत्य सामना झाला आणि पापाकुरा चार गुणांनी हरलं. निवेदिताने तो पहिल्यांदाच वही न उघडता पाहिला. शेवटची दोन मिनिटं चेंडू ऋग्वेदाकडेच होता. प्रतिस्पर्ध्यांच्या दोघी तिच्यावर तुटून पडत होत्या आणि ती त्यांच्यामधून वाट काढत होती, मान डावीकडे, उजवीकडे. शिट्टी वाजल्यावर ती आधी रडणाऱ्या अरोहाजवळ गेली आणि तिचं डोकं खांद्यावर घेऊन उभी राहिली.

निवेदिता बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. थोड्या वेळाने ऋग्वेदा कठड्याला धरून उतरत आली आणि तिच्या शेजारी बसली. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र ती इंग्रजीतच.

"काल तुमचा हात मला दिसला नाही. सॉरी."

"असू दे गं."

"आई म्हणाली, तुम्ही फिजिओ आहात. म्हणजे तुम्हाला कळलंच असणार." ती समोर, रस्त्यापलीकडच्या झाडांकडे बघत होती. "मी मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. एकटीच, ट्रेनने. त्यांनी आजाराचं नाव लिहून दिलंय. गाडी चालवायची नाही म्हणाले. बाकी किती वर्षं, ते कुणालाच सांगता येत नाही."

"आणि आई?" निवेदिताने विचारलं.

"आईला माहीत नाही." आता ती मराठीत बोलायला लागली, एकेक शब्द जुळवत. "बाळमामाचं झालं तेव्हा आई खूप रडली होती. आजी सांगते. तू आईला नको सांगू. नका सांगू. प्लीज."

सकाळचा चहा, कपाच्या कडेवरून फिरणारं ते बोट निवेदिताच्या डोळ्यांसमोर आलं. "ऋग्वेदा," ती एवढंच म्हणाली, "आईशी बोल. आज नाही तर उद्या. पण तू बोल."

मुलीने खांदे उडवले. ते हो होतं की नाही, कळलं नाही.

"तुम्ही रिपोर्ट लिहिणार ना?"

"कॉलेजला मी कळवेन की..."

"कॉलेजला नको. मी नाही जाणार. माझं मी ठरवलंय. पण रिपोर्ट लिहा. कोच म्हणाले, दोनच पानं असतात. तिसऱ्या पानापर्यंत गेला तरी चालेल." ती किंचित हसली. "मी किती चांगली होते ते लिहा, आणि मला पाठवा. नुसतं गोड गोड नको हं. खरं लिहा."

अंधारायला लागलं होतं. अनुराधा दोन बॅगा घेऊन बाहेर आली, पायऱ्या उतरून खाली थांबली आणि तिने लेकीला हाक मारली. ऋग्वेदा उठली, आईचा आवाज आला त्या दिशेला चार पायऱ्या उतरली आणि तिने आईचा दंड धरला. "आई, पाय खूप दुखतायत गं," ती म्हणाली.

"दुखणारच. किती धावलीस," अनुराधा म्हणाली. तिने दोन्ही बॅगा एका हातात घेतल्या आणि मुलीच्या बाजूचा दंड मोकळा ठेवला. कार पार्कमध्ये ठिकठिकाणी सिमेंटचे बुटके ओटे होते. त्यांना वळसा घालत दोघी हळूहळू गाडीपर्यंत गेल्या.

अमेरिकेतल्या कोचला निवेदिताने एका ओळीत कळवलं की या वर्षी शिफारस करण्यासारखं नाव नाही. मग रविवारचा अख्खा दिवस बसून तिने दुसरा अहवाल लिहिला. दोन्ही सामन्यांचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. खेळ वाचण्याची समज, दबावाखाली निर्णय, सहकाऱ्यांना मोठं करण्याची वृत्ती, सगळे रकाने भरले. उणिवाही लिहिल्या: डावा हात कच्चा, बाहेरून नेम साधारण, आणि दुसऱ्या सामन्यात संघातल्या सिएनाला दिलेला एक पास चुकला. डोळ्यांचा उल्लेख कुठेच केला नाही. त्याला रकानाच नव्हता. साडेतीन पानं झाली. ती तिने ऋग्वेदाला पाठवली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यात आभार नव्हते, आणखी काहीही नव्हतं.

'पान तीन. सिएनाचा पास चुकला नव्हता. तिलाच निघायला उशीर झाला. मी तो जिथे जायला हवा तिथेच टाकला होता. प्लीज बदला.'

निवेदिताने व्हिडिओ काढला. ती जागा तिने एकदा पाहिली, मग थांबवत थांबवत आणखी दोनदा. चेंडू ठरलेल्या, पण रिकाम्या जागेवरून बाहेर गेला होता. सिएना एक पाऊल मागे होती.

तिने ते वाक्य खोडलं आणि पान पुन्हा पाठवलं.