क्वाइट मऊ

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याचे मालक बसवराजअण्णा यांचा स्वतःच्या सावलीवरही फारसा विश्वास नव्हता. हल्ली त्यांचा डोळा संघप्रियावर होता. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहायला ठेवलेली पोरगी. अण्णा सांगायचे, “लिही, एक्स्ट्रीमली सॉफ्ट!” आणि मेलमध्ये निघायचं ‘क्वाइट सॉफ्ट’.

“क्वाइट म्हंजे किती गं?”

“बऱ्यापैकी, मालक.”

जर्मनीची ऑर्डर हातची गेली तर अर्धे माग बंद पडणार, आणि ही बया माल बऱ्यापैकी म्हणते! अण्णांनी जर्मनीचा मेल थांबवायला लावला. परवा समोरच्या टॉवेल कारखान्याच्या मालकाशी, इंद्रजीतशी, ती फाटकात हसून बोलली होती. इंद्रजीतनंच फोडली असणार, दुसरं काय!

शनिवारी अण्णांनी डाव टाकला. आपला एक टॉवेल, इंद्रजीतचा एक. दोन्हींची लेबलं काढली, आपल्या टॉवेलला कोपऱ्यात बारीक लाल टाका घातला आणि तिच्यापुढं ठेवले. तिनं दोन्ही गालाला लावून पाहिले. एकाला लिहिलं ‘व्हेरी सॉफ्ट’. टाकेवाल्याला ‘क्वाइट’.

सापडली! लेबल नसताना ओळखते म्हणजे इंद्रजीतनं चांगलंच पढवलंय. सोमवारी हिचा हिशोब करून टाकायचा, असं ठरवून अण्णा टॉवेल काखेत मारून घरी आले.

बायको महादेवीनं त्यातला एक उचलून ओले केस पुसले. “अगदी मऊ हाय की ओ! पाव्हण्यांला द्यायला ह्येच आणा.”

अण्णांनी पाहिलं. टाका नव्हता. त्यांनी डोळे बारीक केले. इंद्रजीत घरापर्यंत पोचला होता तर! पण महादेवी त्याला ओळखतसुद्धा नव्हती. अण्णांनी दार लावलं, डोळे मिटले, टॉवेल उलटसुलट फिरवले आणि एकेक गालावर घासला. दुसरा लागताच त्यांची छाती फुगली. हाच आपला! मऊपणा लपतोय होय?

डोळे उघडले. चारी कोपरे तपासले. कुठंच टाका नव्हता.

मग अण्णांनी संघप्रियाला फोन लावला.

“पोरी, तो मेल हाय तसाच जाऊ दे.”

“बरं, मालक.”

“आन् सोमवारी ये.”

“येणारच की, मालक. का, काय झालं?”

तिच्या आवाजात कसली शंकाच नव्हती. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काय न्हाय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.