कूलरच्या पत्र्यावरचं फूल

अप्पारावनं आजवर लई जणांची फिरकी घेतली होती. लग्नात नवरदेव उखाणा घ्यायला उठला की स्पीकरमधून बकरी ओरडायची, पुढाऱ्याचं भाषण पडायला लागलं की मागून टाळ्यांची रेकॉर्ड वाजायची. उस्मानपुऱ्यातलं त्याचं साउंडचं दुकान म्हंजी निम्मा धंदा न् निम्मा चावटपणा. पण आज सख्खी भाची समोर बसून रडत होती, न् अप्पारावला चहा गिळंना झाला होता.

"मामा, आई नाय म्हणती," रूपा म्हणाली. "उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय. डॉक्टर म्हणले, गाठ वाढायलीय, आता थांबायचं नाय. न् ही म्हणती, ज्या गळ्यातून देवाचं फूल उमटतंय त्याला मी सुरी लावू देणार नाय."

मागं वायर गुंडाळत बसलेल्या शफीकचा हात थांबला. त्यानं अप्पारावकडं बघितलं. अप्पारावनं पंख्याकडं.

फुलाची भानगड अशी होती. अप्पारावची थोरली बहीण भागूबाई हर्सूलच्या महादेवाच्या देवळात रोज संध्याकाळी बायांना घेऊन ओंकार लावायची. अप्पारावनं मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला: पत्र्यावर वाळू, खाली स्पीकर, सूर सोडला की वाळूची नक्षी. झालं, डोक्यात किडा वळवळला. जुन्या कूलरचा पत्रा त्यानं गोल कापला, काळा रंग दिला, उताण्या स्पीकरवर मधोमध बोल्टनं आवळला, वर कोरडी रांगोळी भुरभुरली, न् आक्काचा माइक त्या स्पीकरला जोडून नेऊन ठेवला गाभाऱ्यासमोर. पहिल्या दिवशी रांगोळी नुसती इकडून तिकडं सरकली. मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब मिशीत हसले. "अप्पा, कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी दिसायलंय रे."

भागूबाईचं तोंड एवढंसं झालं. गाठीचं त्याच आठवड्यात कळलेलं. ते तोंड अप्पारावला बघवलं नाय. दुसऱ्या दिवशी त्यानं शफीकला डोळा मारला. शफीकच्या मोबाइलमधी एकच सूर धरून ठेवणारं ॲप होतं. ओंकाराच्या आडून शफीकनं तो सूर पत्र्याखालच्या स्पीकरमधी हळूच सोडला. रांगोळी थरथरली, पळाली, गोळा झाली, न् पत्र्यावर आठ पाकळ्यांचं फूल उमललं. बायांनी हात जोडले. काकासाहेबांनी तर पत्र्यालाच साष्टांग घातला. तवापासून रोज फूल, रोज गर्दी.

"तू नको रडू," अप्पाराव रूपाला म्हणाला. "मी बघतो."

ती गेल्यावर शफीक बोलला. "मैं बोला था ना अप्पाभाई, भागू आपा के साथ मस्ती नक्को."

"सोपं हाय बे. आज मोबाइल बंद. सूर नाय तर फूल नाय. फूल नाय तर आक्का आपोआप दवाखान्यात."

"और सीधा सच बोल दिए तो?"

अप्पारावनं कपातला गार चहा दुकानाबाहेर ओतला. सगळ्या हर्सूलला टोपी घातली असं तो हसत हसत सांगू शकला असता. आक्काला सांगायचं म्हणलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

संध्याकाळी देऊळ गच्च. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून मागच्या ओवरीत शेंगदाण्याचा कूट करायला मिक्सर घरघरत होता. काकासाहेबांनी तो बंद करायला लावला. भागूबाई माइकसमोर बसली. पदर सारखा केला तेव्हा गळ्यावरची गाठ अप्पारावला पहिल्यांदा नीट दिसली. लिंबाएवढी. तिच्यामागं रूपा, तोंड सुजलेलं.

"आज सगळ्यांसमोर सांगते," भागूबाई म्हणाली. "फूल आलं तर मी कुठं जाणार नाय. देवच सांगायलाय म्हणून समजा."

अप्पारावनं शफीककडं बघितलं. शफीकनं मोबाइल बंद करून दाखवला, वरून खिशात घातला.

भागूबाईनं ओंकार लावला.

रांगोळी हलली. थोडी इकडं, थोडी तिकडं. अप्पारावनं श्वास सोडला. कोंबडीचा उकिरडा! उकरा म्हणलं, उकरा. भागूबाईनं डोळे मिटले, आवाज जरा खाली घेतला, एका जागी धरला. न् रांगोळी पळाली. एक पाकळी. दुसरी. अप्पारावच्या पाठीतून घामाची धार लागली. त्यानं शफीकच्या खिशावर हात ठेवला. मोबाइल थंडगार. तिकडं आठवी पाकळी जुळून फूल पुरं झालं.

"बंद है, कसम से," शफीक कुजबुजला. त्याचाही चेहरा पांढरा पडलेला. "इत्ते दिन वोच सुर सुन रई ना वो. अब गला खुद वोच सुर पकड़ लिया."

देवळात एकच गजर झाला. बाया भागूबाईच्या पाया पडायला लागल्या. रूपा खांबाला डोकं टेकून उभी होती. भागूबाईनं डोळे उघडले, फूल बघितलं, न् हसली. लहानपणी अप्पारावला पहिला घास देताना हसायची तसं.

"रूपे, फोन लाव डॉक्टरला. येत नाय म्हणावं."

रूपानं फोन काढला. अप्पाराव उठला न् तडक ओवरीत शिरला. मिक्सर उचलला, भांड्यातल्या शेंगदाण्यांसकट. वायर ओढत गर्दीतून वाट काढत आला, साउंडच्या बोर्डावर पिन खोचली, माइक मिक्सरच्या तोंडाशी धरला.

"अप्पा, काय करायलास?" काकासाहेब ओरडले.

"कूट करायलोय."

मिक्सर भडकला. देवळाच्या भिंती घरघरल्या, लेकरं कानावर हात ठेवून पळाली. रांगोळी उधळली, फूल मोडलं. "अरं देवाच्या म्होरं मिक्सर! धरा त्याला!" कुणीतरी अप्पारावची कॉलर धरली, शर्टाची दोन बटणं गेली. त्यानं मिक्सर सोडला नाय. बटण हळूहळू मागं फिरवत राहिला. आवाज उतरायला लागला. आणखी खाली. आणखी. कुणाचा तरी हात मानेवर आला. न् मग पत्र्यावरची रांगोळी थरथरली, पळाली, गोळा झाली.

आठ पाकळ्या.

कॉलरवरचा हात सुटला. मिक्सर घरघरत होता, शेंगदाण्याचा वास सुटला होता, न् फूल तस्संच्या तसं, एक कणही इकडचा तिकडं नाय. काकासाहेबांचे हात सवयीनं जुळायला निघाले होते, ते त्यांनी अर्ध्यातून खिशात घातले.

अप्पारावनं मिक्सर बंद केला.

"फूल पत्र्याचं हाय, आक्का. त्याला ठरावीक आवाज लागतो. कुणाचा का असंना."

भागूबाई पत्र्याकडं बघत राहिली. "न् आजवर रोज यायचं ते?"

"शफीकच्या मोबाइलनं. मीच सांगितलं होतं."

"माझ्या आवाजानं एकदापण नाय?"

आता खरं बोललं असतं तर! आजचं तुझं होतं आक्का, निखळ तुझं, एवढंच म्हणायचं होतं. पण रूपाच्या हातात फोन होता, न् पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"नाय," अप्पाराव म्हणाला. "एकदापण नाय."

भागूबाई उठली. तळव्यानं पत्र्यावरची रांगोळी पुसली, सावकाश, ओटा पुसावा तशी. मग म्हणाली, "रूपे, डॉक्टरला सांग येतेय." न् अप्पारावकडं वळून, "मी येईस्तोवर इथं तू बसायचं. ह्याच माइकवर. रोज."

"आक्का, मला सुरात साधं शिंकता येत नाय!"

"ठाऊक हाय मला. म्हणूनच."

गाठ निघाली. आवाजाची नस वाचली म्हणले डॉक्टर, आवाज येईल, पण बरेच दिवस तोंडातून चकार शब्द काढायचा नाय. मग भागूबाईनं युक्ती काढली. संध्याकाळी रूपानं फोन कानाशी धरायचा, तिकडं अप्पारावनं ओंकार लावायचा, न् हिनं स्टीलच्या पेल्यावर चमचा मारायचा. दोनदा टकटक म्हंजी बरोबर. एकदाच टक् म्हंजी चुकलं. बाकी बोलण्यालाही हीच खूण: दोन टक् म्हंजी खरं, एक म्हंजी खोटं. देवळातल्या बाया पदर तोंडात धरून बसायच्या. पत्र्यावरची रांगोळी अप्पारावला बघून जागची हलायची नाय.

एक दिवस जप संपल्यावर अप्पारावनं फोन जवळ ओढला, फोनचा स्पीकर बंद केला.

"आक्का, एक सांगायचंय. त्या संध्याकाळी मोबाइल बंद होता. मिक्सरच्या आधीचं फूल तुझं होतं. एकटीचं. देवाशपथ. शफीकला इचार."

"हौ आपा!" शफीक बाजूनं ओरडला.

अप्पारावनं फोन कानावर दाबून धरला. पलीकडं दवाखान्यातली ट्रॉली खडखडत गेली. मग पेला सरकल्याचा आवाज.

टक्.

अप्पाराव थांबला. दुसरं टक् येईल म्हणून थांबला. ते आलंच नाय.