कोरडा ओव्हरहेड

शिरोळकडच्या क्षारपड रानात जगणारे जंतू शोधण्यात डॉ. भैरवी हुपरीकर यांची आठ वर्षं गेली होती. मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीत हे जंतू सोडले तर तिथं पुन्हा ऊस उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीला ते पटलं. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला आणि रीतीप्रमाणे विद्यापीठालाही त्यावर वेगळी रक्कम मिळाली. तिला ओव्हरहेड म्हणतात. प्रयोगशाळेला वीज लागते, पाणी लागतं, झाडलोट लागते. हा खर्च कुठल्या एका प्रयोगाच्या नावावर मांडता येत नाही, म्हणून सरकार तो असा वरून देतं.

विद्यापीठानं त्यातून संशोधन संवर्धन कक्ष उभारला. सागवानी दार, दोन एसी, बसलं की माणूस आत जाईल असा सोफा आणि संचालक म्हणून धैर्यशील खोराटे सर. संशोधनाचं संवर्धन कसं करावं यावर दर मंगळवारी तिथं बैठक होई. काजू संपले की बैठक संपे.

प्रयोगशाळेत मात्र पाणी नव्हतं. इमारतीचा पंप दिवाळीत बंद पडला तो पडलाच. भैरवीबाईंनी चार अर्ज केले. चारही अर्जांना एकच उत्तर आलं : ओव्हरहेड निधी शिल्लक नाही.

पाणी आणायची झुंबरबाई. ही रोजंदारीवरची सफाई कामगार, पंचावन्नची, मूळची गारगोटीकडची. आवारातल्या नळावर कॅन भरायची आणि डोक्यावर घेऊन तीन जिने चढायची. चौथ्या अर्जाचं उत्तर वाचून भैरवीबाई पुटपुटल्या, "ओव्हरहेड रिकामा म्हणे!"

"रिकामाच हाय की," झुंबरबाई कॅन टेकवत म्हणाली. "कालच गच्चीवर चढून बघून आलोय मी. थेंब न्हाय. कबुतरानं घरटं केलंय त्यात."

गच्चीवरच्या टाकीलाच ती ओव्हरहेड समजत होती. भैरवीबाई कितीतरी दिवसांनी खळखळून हसल्या. तिची समजूत काही त्यांनी दुरुस्त केली नाही. खोराटे सरांपेक्षा तिलाच विषय जास्त कळला होता, असं त्यांना वाटलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. ओव्हरहेडचा विनियोग कसा होतो ते पाहायला दिल्लीहून समिती येणार होती. विद्यापीठ खडबडून जागं झालं. खोराटे सरांनी 'ओव्हरहेड निधीतून' असे पाचशे स्टिकर छापून घेतले आणि दिसेल त्या वस्तूवर चिकटवले. खुर्च्या, कुंड्या, आग विझवायचे सिलिंडर, अगदी विद्यापीठ स्थापनेच्या वर्षीचं लोलकाचं घड्याळसुद्धा सुटलं नाही. झुंबरबाईच्या गळ्यात ओळखपत्र आलं : 'संशोधन साहाय्य सुविधा'.

"म्हंजे मी कोण?" तिनं विचारलं.

"तुम्ही सुविधा आहात," खोराटे सर म्हणाले. "समितीनं काही विचारलंच तर म्हणायचं, सगळं वेळेवर मिळतं. जास्त बोलायचं नाही."

पंपाला हात लावायला वेळ नव्हता. निविदा काढाव्या लागल्या असत्या. म्हणून गच्चीवर एक निळा ड्रम चढवला, त्यातून नळी थेट प्रयोगशाळेच्या नळाला जोडली, आणि समितीच्या दिवशी तो ड्रम भरायला चार गडी सकाळपासून बादल्या वाहत होते. ड्रमवरही स्टिकर लागला.

भैरवीबाई चिडल्या. "सर, हे नाटक कशाला? पंप बंद आहे असं सरळ सांगू या की."

"मॅडम, तुम्ही विज्ञानाचं बघा," सर म्हणाले. "प्रशासन फार नाजूक गोष्ट असते."

समितीचे अध्यक्ष डॉ. नृसिंह अलोणी सत्तरीचे, मूळचे नागपूरचे. त्यांना फेटा बांधला, सनई वाजवली, कक्षात बसवून काजू दिले. सोफ्यातून त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढलं. मग ते प्रयोगशाळेत आले, नळ सोडला, पाणी आलं. खोराटे सरांचा चेहरा उजळला.

दाराशी झुंबरबाई फडकं घेऊन उभी होती. अलोणींनी ओळखपत्र वाचलं आणि सहज विचारलं, "काय बाई, ओव्हरहेड मिळतो ना वेळेवर?"

"कुठला वो सायेब! दिवाळीपास्नं कोरडा हाय."

खोराटे सर घाईनं पुढं झाले. "तिला कळत नाही सर, ती अशिक्षित आहे."

झुंबरबाईला ते झोंबलं. "कळत न्हाय? चला पावणं, माझ्यासंगं वर चला. डोळ्यानं बघा, मग बोला."

आणि ती निघालीसुद्धा. अलोणींना गंमत वाटली, तेही निघाले. मागं खोराटे सर, त्यांच्या मागं भैरवीबाई. गच्चीवर टाकीला लोखंडी शिडी होती. सत्तरीचा माणूस फेट्यासकट पाच पायऱ्या चढला आणि आत डोकावला. कबुतरं फडफडून उडाली. फेटा सुटून खाली आला. शेजारी निळा ड्रम, त्यावर 'ओव्हरहेड निधीतून', आणि बादली घेतलेला एक गडी तोंड उघडं टाकून बघत होता.

अलोणी सावकाश खाली उतरले. "टाकीत पाणी आल्याशिवाय मी सही करणार नाही," एवढंच म्हणाले आणि कठड्यावर बसले.

चाळीस मिनिटांत वायरमन आला. पंपाचा कपॅसिटर गेला होता. साडेतीनशे रुपयांचा. चार महिने ज्याला निधी नव्हता, त्याचे पैसे खोराटे सरांनी स्वतःच्या खिशातून दिले आणि पावती मागून घेतली. टाकीत धो धो पाणी पडू लागलं तेव्हा भैरवीबाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. झुंबरबाईनं खरोखरच वाजवल्या.

एप्रिलमध्ये समितीचा अहवाल आला. ओव्हरहेडवर देखरेख हवी, असं त्यात म्हटलं होतं. विद्यापीठानं तत्परतेनं देखरेख उपकक्ष काढला, संचालक खोराटे सर. उपकक्षाचा पहिला निर्णय असा : पंप सुरू झाल्यामुळे पाणी वाहणारी रोजंदारी अनावश्यक, सबब झुंबरबाई कमी.

भैरवीबाई तावातावानं सागवानी दार ढकलून आत गेल्या. "ती नुसतं पाणी आणत नव्हती, सर. झाडायची, भांडी धुवायची, वीज गेली की मला फोन करायची."

"मग हे तिच्या ओळखपत्रावर लिहायला हवं होतं," सर म्हणाले आणि बशी पुढं सरकवली. भैरवीबाईंनी काजू घेतला नाही.

त्यांनी झुंबरबाईला फोन लावला. माफी मागायला सुरुवात केली.

"मला काय बी झालं न्हाय, मॅडम," तिकडून मोठ्यानं आवाज आला. "गारगोटीत मंगल कार्यालयात लागलोय. हजेरीचं पैसं जास्त हायती, दोन टायमाला जेवान हाय. आन् हितं कुणी मला सुविधा म्हणत न्हाय, नावानं हाक मारत्यात. तुमचं किडं बरं हायती न्हवं?"

बरे नव्हते. धुळीनं दोन आठवड्यांतच बुरशी शिरली आणि जंतू वाढवायच्या निम्म्या काचेच्या बशा टाकून द्याव्या लागल्या. शेवटी भैरवीबाईंनीच पदर खोचला आणि झाडू हातात घेतला. नेमके त्याच वेळी खोराटे सर पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यातून चालले होते. ते थांबले, मोबाईल काढला, फोटो घेतला.

वार्षिक अहवालात तो फोटो पूर्ण पानभर छापला आहे. खाली ओळ आहे : स्वावलंबी संशोधक, शून्य ओव्हरहेड.