वच्छला स्टॉप

आमच्या टोल्यापुढून, म्हणजे वस्तीपुढून, भंडारा ते मोहाडी हा रस्ता जातो. आता तो चार पदरी झाला, मधात दुभाजक आला, त्यात कन्हेरीची झाडं लावली. पेपरात लिहून येतं की रस्ता आला आणि विकास झाला. आमच्या स्टॉपपुरतं बोलायचं तर आधी माझी बायको आली.

आम्ही तलावात मासे मारणारी माणसं. मी जाळं टाकायचो आणि ती टोपलं घेऊन रस्त्याच्या कडेला पळसाखाली बसायची. तेव्हा इथं एसटी थांबत नव्हती. एका ड्रायव्हरला झिंग्यांची आवड होती, तो थांबू लागला. त्याचं पाहून दुसरा थांबला. बस थांबते म्हटल्यावर माणसं उतरू लागली. उतरलेल्या माणसांसाठी देवाजीनं चहाची टपरी टाकली. मग पंक्चरवाला आला, मग सिमेंटचं दुकान, मग शेतात प्लॉट पडले, शिकवणीचा वर्ग निघाला, मंगल कार्यालय झालं. विकास विकास म्हणतात, तो आमच्याकडं झिंगे घ्यायला थांबला होता.

कंडक्टर लोक स्टॉपला तिच्याच नावानं हाक मारायचे. प्लॉटवाल्यानंही आपल्या फलकावर तिच्या नावाच्या स्टॉपपासून दोन मिनिटं असं लिहिलं. चालत गेलं तर दहा लागतात, पण ते त्याचं त्याला माहीत.

एक मला सोडलं तर सगळे तिचं नाव घ्यायचे. आमच्याकडं जुन्या माणसांत नवरा बायकोचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं घेत नाही. मी तिला ‘अंकुशची माय’ म्हणायचो. तेही ओरडून, कारण रस्त्याच्या कडेला बसून बसून ट्रकांच्या आवाजानं तिचे कान मंद झाले होते. भंडाऱ्याहून येताना मी तिकीट मागायचो ‘तलाव फाटा’. कागदावर तेच नाव होतं. कंडक्टर मुद्दाम म्हणायचा, “असा स्टॉपच नाही बाबाजी. नीट नाव सांगा, नाहीतर मोहाडीले उतरवतो.” अख्खी बस हसायची.

तिला हे कळलं की ती गिऱ्हाइकांना सांगायची, “आख्खा जिल्हा माझं नाव घेते. अंकुशच्या बाबालेच तेवढं जड जाते.”

गेल्या पोळ्याच्या आधी ती गेली. ताप आला, चार दिवसांत संपलं. आता तिच्या जागेवर सून बसते, अंकुशची बायको सरिता. मी बाजूला बसून जाळी विणतो. विणतो म्हणजे हातात धरतो.

परवा सकाळी रस्त्याचे साहेब आले. नवीन बस थांबा बांधून झाला होता, त्यावर नावाचा फलक लावायचा होता. सरिता तलावावर गेली होती, देवाजी दूध आणायला. साहेबांनी मला विचारलं, “बाबा, या स्टॉपचं नाव काय?”

तोंड उघडलं होतं मी. नाव जिभेवर आलंही होतं. पण बाहेर पडलं ते रोजच्या सवयीचं.

“तलाव फाटा.”

“कागदावर पण तेच आहे,” असं म्हणून साहेब खूश होऊन गेले.

दुपारी लिलाधर पेंटर फलक घेऊन आला. त्यानं तो थांब्याच्या भिंतीला टेकवला आणि खडूनं अक्षरं आखायला घेतली. सरितानं मासा तोलता तोलता तिकडं पाहिलं.

“तलाव फाटा? हे कोणं सांगतलं जी?”

“सायबानं.”

“सायबाले कोणं सांगतलं?”

लिलाधरनं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहू लागलो. एक सिमेंटचा ट्रक चालला होता, तो मी अगदी मन लावून पाहिला.

“मामाजी!” सरिता ओरडली. “साऱ्या जिल्ह्यानं आत्याबाईचं नाव ठेवलं, अन् तुम्हीच पुसून राहिले?”

देवाजी टपरीतून बाहेर आला. “अरे यादोराव, नाव घेतलं असतं तर काय तुझे दात पडले असते? पडाले उरले तरी किती?”

“सुचलं नाही,” मी म्हणालो.

“चाळीस वर्षं सुचलं नाही!”

लिलाधर म्हणाला, “मी नाही बदलवू शकत बाबाजी. सायब म्हणतीन तेच लिहीन. एकदा पेंट चढला की मग हाच फलक राहीन. दोन्हीकडचे निळे बोर्ड बी असेच येतीन.”

मला तेव्हा खरी भीती वाटली. हे कंडक्टर निवृत्त होतील, नवे येतील, ते फलक वाचतील. ती बसायची तो पळस रस्त्यात गेला. आता फक्त नाव होतं, आणि तेही मीच घालवत होतो.

“लाव सायबाले फोन,” मी म्हणालो.

लिलाधरनं फोन लावला, सगळं सांगितलं आणि माझ्या हातात दिला. “सायब म्हणते, ज्यानं सांगतलं त्यानंच बदलून सांगावं.”

देवाजी कानाशी येऊन कुजबुजला, “उखाणा घे पाहिजे तर.”

“तू चहा पाहय तुझा. उतू जाऊन राहिला.”

फोनमधून साहेब म्हणाले, “बोला बाबा, काय नाव?”

मी म्हणालो. खूप हळू म्हणालो.

“ऐकू नाही आलं. मागे ट्रक आहे का?”

ट्रक होता. त्याच्यामागं अजून एक होता. ह्या रस्त्यावर ट्रक संपायची वाट पाहिली तर माणूस तिथंच म्हातारा होईल, आणि मी तर आधीच झालेलो.

“वच्छला!” मी ओरडलो.

“काय?”

“वच्छला! वच्छला स्टॉप!”

पंक्चरवाल्यानं मान वर केली. सरिताच्या पुढची गिऱ्हाइकं वळली. तेवढ्यात मोहाडीची बस येऊन लागली, आणि दारातला कंडक्टर मला पाहून बसमध्ये ओरडला, “आलं, वच्छला आलं! आज तर खुद्द नवराच हाक मारून राहिला, उतरा लवकर!”

साहेबांनी विचारलं, “कोण होत्या या?”

“मासोळ्या विकत होती,” मी म्हणालो. मग म्हणालो, “माझी बायको होती जी.”

साहेब म्हणाले, “पेंटरला द्या फोन.”

लिलाधरनं ओल्या फडक्यानं खडू पुसला. “बाई लावू काय? वच्छलाबाई?”

“नको,” मी म्हणालो. “कंडक्टर कुठं बाई म्हणते?”

सरितानं पदरानं डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं तराजू पुसला. मासे विकणारीला रडायला कुठं वेगळा वेळ मिळतो?

संध्याकाळी घरी गेल्यावर मी ते नाव पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. हळू. घरात आवाज नव्हता. काही बरं वाटलं नाही. हळू बोललेलं तिला ऐकूच येत नव्हतं.

म्हणून आता नाव घ्यावंसं वाटलं की स्टॉपवर जातो आणि ओरडायला ट्रक यायची वाट पाहतो.