काठ सोडून

गिऱ्हाईक दुकानात आलं की मुलाच्या खांद्यावरून आत डोकावायचं आणि विचारायचं, बाबा आहेत ना? चाळिशी उलटली, टक्कल पडायला लागलं, तरी तो आपला बाबांचा मुलगाच. जुन्या फर्निचरची दुरुस्ती त्यालाही बापाइतकीच येत होती, पण म्हातारा उभा असताना त्याला कुत्रं विचारत नव्हतं. बापाचा त्याला मनापासून राग यायचा.

अशात एका डॉक्टरीणबाईंचं टेबल आलं. आजेसासऱ्यांच्या वेळचं, साध्या लाकडावर अक्रोडाच्या लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवलेलं. पाणी मुरून ते जागोजागी फुगलं होतं. हात लावतील तर बाबाच, असं बाईंनी बजावलं. बाबांनी सुटलेला भाग सरस लावून बसवला, वर वजनं ठेवली आणि निवांत सुकू दिला.

घासायच्या आधी व्हिनियरची जाडी काठाशी बघायची, ही बाबांची जन्माची सवय. मुलाला ती पक्की ठाऊक. बाबा घरी जेवायला गेले तेव्हा त्याने नेमका काठ सोडला आणि मधला भाग घासून घासून कांद्याच्या सालीएवढा पातळ करून ठेवला. संशय नको म्हणून वर जुन्यासारखा रंगही फासला.

दुपारी बाई काम बघायला आल्या. बाबांनी काठ निरखला, मान डोलावली आणि काचपेपर चालवला. चार हात फिरतात न फिरतात तोच मधोमध खालचं पांढरं लाकूड उघडं पडलं. बाबा जागीच थिजले. बाई हबकल्या.

"वय झालं हो त्यांचं," मुलगा हळहळून म्हणाला. "मी करून देतो नीट." आत त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बाबा पुन्हा दुकानात आले नाहीत. घरातही चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. टेबल मुलाने झकास करून दिलं, बाईंनी तोंड भरून कौतुक केलं. गिऱ्हाइकं आता त्यालाच विचारत येऊ लागली.

पुढे त्याला मुलगी झाली, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. बायकोने हौसेने बाळ बाबांपुढे धरलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, हात पुढे आले आणि तसेच मागे गेले. ते त्यांनी पाठीशी घट्ट धरून ठेवले.

"नको गं सूनबाई. या हातांचा भरवसा नाही आता. पाडीन मी पोरीला."

तिने कळवळून नवऱ्याकडे बघितलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण मग बाबा उद्या दुकानात येऊन उभे राहिले असते.

"बरोबर बोलतायत ते," तो म्हणाला आणि बाळ आपल्याकडे घेतलं.