नाक्याअलीकडची बहीण

मित्रांनो, मुरुमच्या शाळेत नकाशांच्या गुंडाळ्यांमागे एक सागवानी पेटी पडून आहे. कुणी तिला शिवणयंत्राचं खोकं समजतं, कुणी जुना रेडिओ. ती पेटी म्हणजे मी. मी हाताने फिरवायचा, मुक्या चित्रपटांच्या काळातला कॅमेरा आहे. माझ्या अंगाला पितळी कड आहे, बाजूला दांडा आहे आणि पुढे एकच भिंग आहे.

माझा जन्म परमुलखात झाला, पण मला तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते कोल्हापूर. तिथल्या एका सिनेमा कंपनीत माझे दिवस फार मानाचे गेले. मी तिपाईवर चढलो की राजे मुकुट सावरत, राण्या पदर नीट करत. पुढे चित्रपट बोलू लागले. माझा दांडा करकरायचा आणि त्यांच्या बोलण्यात विघ्न यायचं. मग एका सकाळी मला उचलून रंगवलेल्या पडद्यांच्या कोठारात ठेवलं गेलं. त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

त्या कोठारात मला महालिंगप्पा भेटला. मुरुमच्या एका डाळीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शाळेत उर्दू, अशा तीन भाषांत तो वाढला होता. सिनेमाच्या वेडापायी घरातून भांडून निघाला आणि कंपनीत पडदे रंगवायला लागला. हात महाल रंगवत असे, मन मात्र गोष्टीत असे. दुपारी माझ्या पाठीवर कागद ठेवून तो लिहीत बसायचा. लिहिलेलं साहेबांकडे न्यायचा आणि तसंच परत आणायचा.

"गोष्ट बरी आहे," साहेब म्हणत, "पण यात दरबार कुठाय? गाणी कुठायत? निजामाच्या मोगलाईतल्या बायाबापड्या बघायला तिकीट कोण काढणार?"

शेवटी त्याची एक गोष्ट कंपनीने घेतली. चित्रपट तयार झाला. पहिल्या खेळाला महालिंगप्पा धुतलेला सदरा घालून गेला. परत आला तेव्हा माझ्याजवळ खाली बसला. पडद्यावर लेखक म्हणून दुसऱ्याचंच नाव होतं.

त्याने भांडण केलं नाही. नोकरी सोडली आणि जाताना फक्त मला मागितलं. "न्या की," साहेब म्हणाले, "नाही तरी जागाच अडवतोय."

असा मी निजामाच्या मुलखात, मुरुमला आलो. जगात महायुद्ध चालू होतं. महालिंगप्पा वडिलांच्या दुकानात बसू लागला. त्याची बायको शिवम्मा मला न्याहाळून म्हणाली, "हे काय आणलं?"

"आपण ह्याच्यातनं सिनेमा करायचा."

"आपण?"

"व्हय, आपण. म्या लिहितो, तू ऐकायचं. खोटं वाटलं की थांबवायचं."

शिवम्माने त्याला इतक्यांदा थांबवलं, की पहिलं पान होईतो आमच्या परसातली मिरची लाल झाली. तो चिडायचा, कागद फाडायचा, जेवून उठला की पुन्हा लिहायला बसायचा. मी कोल्हापुरात पुष्कळ मोठी माणसं पाहिली होती. लिहिलेलं इतक्यांदा पुसणारा माणूस मी मुरुममध्ये पाहिला.

युद्धामुळे फिल्म मिळत नव्हती. महालिंगप्पाचा कोल्हापूरचा सोबती हणमंतप्पा सोलापुरात फोटोचं दुकान चालवी. इकडून तिकडून उरलेले फिल्मचे तुकडे तो जमवून ठेवी. तुकडे थोडे, म्हणून चूक करायची सोय नव्हती. प्रत्येक प्रसंगाची तालीम माझ्या पोटात फिल्म न घालताच चाले. रिकाम्या पोटी मी दिवसदिवस फिरत असे.

हे सगळे सुटे प्रसंग होते; अख्खा चित्रपट होईल अशी गोष्ट मात्र अजून सापडत नव्हती. ती आली गिरिजाबाईंच्या पावलांनी. त्या जवळच्या वाडीत शेती करणाऱ्या विधवा बाई. तूर विकायला दुकानात आल्या, तेव्हा शिवम्माने त्यांना पाणी दिलं आणि माहेरचं विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं: त्यांचा भाऊ कोंडीराम सोलापूरच्या गिरणीत होता. गिरिजाबाईंच्या मुलीच्या लग्नाला तो मामाचा आहेर घेऊन निघाला. पण निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. नव्या लुगड्यांवर जकात भरा म्हणून त्याला तिथेच अडवून ठेवलं. तो पोहोचला तेव्हा मांडव रिकामा होता. भरल्या घरात गिरिजाबाई त्याला नको ते बोलल्या. तो आहेर ओट्यावर ठेवून पाणीही न पिता गेला, तो परत आला नाही.

महालिंगप्पा हळू आवाजात म्हणाला, "गिरिजाबाई, तुमची ही गोष्ट म्या लिहू का?"

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लिवा, अप्पा. पर त्यात मला नाक्यावर जाऊ द्या. खरी मी गेलेच न्हाय. पाय उचलला न्हाय माझा."

आणि चित्रपटात बहिणीचं काम त्यांनीच करायचं ठरलं. वाडीतले लोक हसले. गिरिजाबाईंनी ते मनावर घेतलं नाही.

खऱ्या नाक्यावर मला कोण उभं करू देणार? गावाबाहेर गाडीवाटेवर महालिंगप्पाने एक बांबू आडवा बांधून घेतला. तोच आमचा नाका. बहीण गाठोडं घेऊन चालत येते आणि बांबूपाशी भावाची वाट बघत थांबते, असा शेवटचा प्रसंग होता. भावाच्या कामाला आणलेला माणूस काही केल्या जमेना. फिल्म संपत आली होती. तेव्हा शिवम्मा म्हणाली, "भाऊ दाखवूच नका. कॅमेराच तिथं ठेवा, भावाच्या जागी."

मला बांबूच्या पलीकडे उभं केलं. महालिंगप्पाने दांडा धरला. गिरिजाबाई उन्हातून चालत आल्या, थांबल्या आणि सरळ माझ्या भिंगात बघू लागल्या. त्यांचे ओठ हलले. काय बोलायचं ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी गाठोडं सोडून त्यातली भाकरी दोन्ही हातांवर घेतली आणि बांबूवरून पुढे केली. मित्रांनो, माझ्यासमोर राण्या रडल्या होत्या, पण अशी नजर माझ्या वाट्याला कधी आली नव्हती. फिल्म संपली, तरी महालिंगप्पा दांडा फिरवतच राहिला.

हणमंतप्पाने ती फिल्म धुऊन दिली. 'नाक्याअलीकडची बहीण' हा आमचा चित्रपट छोटाच होता. बैलगाडी जुंपून वेशीपर्यंत न्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात संपायचा. बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला मुरुममध्ये हणमंतप्पाचं यंत्र आणून धोतराच्या पडद्यावर तो दाखवला. चित्र मुकं असल्याने महालिंगप्पा मराठीत आणि शिवम्मा कानडीत गोष्ट सांगत. सुरुवातीला काम केलेल्या प्रत्येकाचं नाव पडद्यावर आलं, बांबू बांधणाऱ्याचंसुद्धा. शेवटी बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. गिरिजाबाई मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हे त्याला दिसायला पायजे."

कोंडीरामला निरोप धाडला. तो आला नाही. पुढे नळदुर्ग, उमरगा इथूनही बोलावणं आलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी महालिंगप्पाला 'सिनेमावाले अप्पा' म्हणायला सुरुवात केली. वडीलही आता त्याच्या सिनेमाच्या वेडाला हसत नव्हते.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं. देश स्वतंत्र झाला. आम्ही मात्र निजामाच्याच अंमलात राहिलो. सरहद्दीवर रोज काहीतरी घडू लागलं. एक दिवस निजामाच्या पोलिसांच्या अमीनसाहेबांनी महालिंगप्पाला चौकीत बोलावलं. पुरावा म्हणून मलाही उचलून नेलं.

"ये नाका कायकू दिखाए जी?" अमीन म्हणाले. "नाका निकाल देव, इजाजत देता हूँ. मजे से दिखाव."

महालिंगप्पाने मान खाली घातली. त्याने विचार करायला वेळ मागितला. घरी आल्यावर तो शिवम्माला म्हणाला, "एवढा एक तुकडा काढला तर खेळ चालू राहतील. हैदराबादेपर्यंत जाता येईल."

शिवम्मा चूल फुंकत होती. "नाका काढला तर बाई वाटेत कशाला थांबली? लोक इचारतील. काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी तो चौकीत गेला आणि म्हणाला, "साहेब, न्हाय जमत." खेळ बंद झाले. ज्या कामासाठी त्याने अर्धं आयुष्य वेचलं, ते एका डब्यात बंद झालं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं उठली. महालिंगप्पा आणि शिवम्मानेही गाडी जुंपली. कडब्याखाली मी होतो आणि माझ्याशेजारी फिल्मचा डबा. वाडीवरून जाताना त्यांनी गिरिजाबाईंना चला म्हणून विनवलं. त्या म्हणाल्या, "जनावरं बांधलेली हायती. त्यांला कोण पाणी दावील? तुमी व्हा म्होरं."

सोलापुरात हणमंतप्पाने दुकानामागची खोली आम्हाला दिली. थोड्याच दिवसांत वाडीतून आलेल्या लोकांनी बातमी आणली. गावात तापाची साथ आली होती. औषध मिळालं नाही. गिरिजाबाई त्यात गेल्या.

महालिंगप्पा गिरणीच्या चाळीत जाऊन कोंडीरामला शोधून घेऊन आला. माणूस खंगला होता. त्याला बातमी कळली होती. "आता बघून काय करू?" तो म्हणाला, तरी स्टुलावर बसला. हणमंतप्पाने दारं लावून यंत्र सुरू केलं. पांढऱ्या भिंतीवर गिरिजाबाई उन्हातून चालत आल्या.

गोष्ट सांगायचं महालिंगप्पाने शिवम्मावर सोडलं. ती सांगत होती, पण शेवटच्या प्रसंगाला थांबली. खोलीत फक्त यंत्राचा आवाज उरला. गिरिजाबाई थांबल्या, सरळ कोंडीरामकडे बघू लागल्या, काहीतरी बोलल्या. त्यांनी भाकरी पुढे केली. कोंडीराम स्टुलावरून उठला. त्याने हात पुढे केला आणि त्याच्या हाताची सावली भिंतीवर त्या भाकरीवर पडली.

"व्हय, आक्का," तो म्हणाला. "आलो."

भिंत पांढरी झाली, तरी तो तसाच उभा होता.

निजामाचा अंमल गेल्यावर आम्ही मुरुमला परतलो. महालिंगप्पा मोठा दिग्दर्शक झाला नाही. डाळीचं दुकान सांभाळत त्याने माझ्याकडून आणखी दोन छोटे चित्रपट करून घेतले. त्यानंतरचा अर्धाच राहिला. 'बहिणी'चा डबा माळ्यावर पत्र्याखाली होता. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. एकदा उघडला तर आत तपकिरी भुकटी आणि आंबूस वास. महालिंगप्पा ती भुकटी बोटांनी चाळत राहिला. "थंड जागी ठेवायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

त्याच्यामागे शिवम्माने मला शाळेत आणून दिलं. जोवर तिचे पाय चालत होते तोवर ती वर्षातून एकदा यायची, मुलांसमोर बसायची आणि अख्खा चित्रपट तोंडाने सांगायची. कुठे ऊन होतं, कुठे सावली, बाई कोणत्या पायावर थांबली, सगळं. मुलं डोळे मिटून बघत. आता तीही नाही.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादा जुना डबा असेल, तर तो फेकण्याआधी उघडा. त्यातल्या माणसांची नावं विचारा आणि लिहून ठेवा. आणि तुमच्यापैकी कुणाला आपल्या गावाची गोष्ट लिहावीशी वाटली, तर कुणी हसलं म्हणून थांबू नका. आधी ज्याची गोष्ट आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. तो आज आहे.