ओझेलाला पांढरं नाही

शनिवारी दुपारी ओझेलाने कोंबडीची मान मुठीत धरली, हात गरगर फिरवत दोन हिसके दिले आणि धड अंगणात सोडलं. ते बिनडोक्याचं धड फडफडत पेकनच्या झाडापर्यंत गेलं. त्र्याण्णव वर्षांची बाई, पण मनगट अजून लोहाराचं.

“बघत काय बसलीस? कढत पाणी ओत,” ती लेकीवर खेकसली. “अडुसष्टची घोडी झालीस, तरी तोंड फिरवतेस. शाळेत पोरांना शिकवलंस तरी काय?”

“भूमिती.”

“मग बरोबर. तिला मान नसते.”

कॉर्लिस हसली. पिसं उपटता उपटता तिने धीर केला. “आई, त्या डुक्कर कापायच्या दिवसाचं...”

“तू मावशीकडे होतीस,” ओझेला म्हणाली. “खुंट ठेवू नकोस. दातांत येतात.”

साठ वर्षं हेच उत्तर. रविवारी सकाळी चर्चची गाडी दारात भोंगा वाजवत राहिली. ओझेला खुर्चीत बसलेली होती. डोक्यावर टोपी, एका हातावर हातमोजा चढवलेला, दुसरा मांडीवर. गेलेली.

सोमवारी व्हॅश्टीमावशी मक्याची भाकरी घेऊन आली. चर्चच्या ज्येष्ठ मातांची ती प्रमुख. महिन्याच्या पहिल्या रविवारी याच बाया पांढरे कपडे घालून प्रभुभोजनाचं मेज मांडतात आणि मेल्यावर त्याच पांढऱ्यात पुरल्या जातात.

“तिला निळा पोशाख घाल,” मावशी म्हणाली. “निळ्यात गोड दिसायची.”

“मेजाचं कापड पन्नास वर्षं तिने धुतलं, मावशी.”

“धुतलं. मांडलं नाही. अगं, माझा जीव होता तिच्यावर. पण रक्त ते रक्त. हातांना माणसाचं रक्त लागलं की मेज नाही, पांढरं नाही. आणि बाप होता तो तुझा!”

“म्हणून तर मला माहीत आहे, कसा होता.”

पट्ट्याच्या बक्कलाने त्याने ओझेलाचा जबडा मोडला होता. पोटावर लाथ घातली, तेव्हा सहा महिन्यांचं मूल गेलं. त्या डिसेंबरात डुकराचे केस काढायचं कढत पाणी थोडं निवलं, एवढंच निमित्त झालं. लेव्हॉनने बायकोचे केस मनगटाला गुंडाळले आणि तिचं तोंड त्या पाण्याच्या काहिलीकडे दाबू लागला. एक गाल वाफेने सोलला. नऊ वर्षांच्या कॉर्लिसने डुक्कर पाडायला वापरलेली कुऱ्हाड उचलली आणि तिची बोथट पाठ बापाच्या डोक्यात घातली. तो चिखलात आडवा झाला. मग तिने आणखी दोन घाव घातले. त्यांची गरज नव्हती. कवटी मऊ झाली, तरी ती थांबली नव्हती.

ओझेलाने कुऱ्हाड काढून घेतली, लेकीचं तोंड आणि हात धुतले, शेतामागच्या वाटेने तिला मावशीकडे पिटाळलं, आणि कुऱ्हाड मांडीवर घेऊन पोलिसांची वाट बघत पायरीवर बसली. सात वर्षं बायकांच्या तुरुंगात काढली. सुटून आली तेव्हा भर चर्चमध्ये उभी राहून तिने क्षमा मागितली. क्षमा मिळाली, मेज मिळालं नाही. एवढं होऊनही तिने देवाशी अबोला धरला नाही. स्वयंपाक करताना त्याच्याशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायची.

कॉर्लिसला मात्र मेज मिळालं. आईच्या हातचं इस्त्रीचं कापड ती वीस वर्षं त्यावर अंथरत आली होती.

अंत्यविधीला चर्च खच्चून भरलं. पेटी उघडी, आत निळा पोशाख. बोलणाऱ्यांना प्रत्येकी दोन मिनिटं. नातू हुंदके देत बोलला. एका चुलतभावाने त्याची ‘मोठी आई’, म्हणजे ओझेला, लाकूडफोड्याला कशी शिव्या घालायची ते सांगितलं, लोक हसले. शेवटी पांढऱ्या कपड्यांतली कॉर्लिस उठली. लिहून आणलेला कागद तिने घडी करून ठेवून दिला. आता पेटी बंद होणार होती.

“लेव्हॉनला आईने मारलं नाही,” ती म्हणाली. “मी मारलं. तीन घाव घातले. पहिला तिच्यासाठी. बाकीचे दोन माझ्यासाठी.”

“कॉर्लिस, खाली बस,” व्हॅश्टीमावशी पुटपुटली. “शोकात काहीही बोलतेस.”

“नाही मावशी. तुम्हा सगळ्यांना प्रभुभोजनाची भाकर दिली ती या हातांनी. मला बोलू दिलं नाही तिने, आणि मलाही ते सोयीचं होतं.” तिने कॉलरचं पहिलं बटण सोडलं. “झाकण लावू नका. मावशी, तुम्ही बाया पुढे या, आम्हा दोघींभोवती पडदा धरा. हे पांढरं तिचं आहे. आई, मी खून केला आणि तुझं आयुष्य वापरलं.”